आधी ओळख, मग किंमत

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

महोदय,

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या अंकात आतल्या पानावर, जुन्या नोटा आणि नाणी घरात असतील तर नशीब उघडेल, अशा आशयाचा मजकूर चौकटीत प्रसिद्ध झाला. ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट, क्रमांकात ७८६ हा आकडा असलेली कोणतीही नोट आणि गेंड्याचे चित्र असलेले २५ पैशांचे नाणे यांना लाखांत किंमत मिळते, असे त्यात म्हटले होते. ती किंमत कोण देतो आणि आजवर कोणाला दिली, याचा उल्लेख मात्र कोठेही नव्हता. सोमवारी सकाळी माझा चहा होण्यापूर्वी ओट्यावर तीन माणसे येऊन बसली होती. मी उमरखेड तालुक्यातील एका गावात राहतो, ग्रामीण भागातील बँकेच्या शाखांमध्ये २८ वर्षे रोखपाल म्हणून काम करून निवृत्त झालो आहे आणि देशोदेशीची नाणी, नोटा व पदके जमवण्याचा मला नाद आहे. हे पंचक्रोशीत ठाऊक असल्यामुळे असा मजकूर कोठेही छापून आला की त्याचा पहिला लोंढा माझ्याच दारी येतो. तिघांपैकी एकाने धोतराच्या सोग्याची गाठ सोडून २५ पैशांचे नाणे काढले आणि विचारले, "साहेब, याचे लाखभर तरी येतीन ना?"

ते नाणे स्टेनलेस पोलादाचे, अमाप संख्येने पाडलेले आणि ३० जून २०११ पासून चलनातूनही बाद झालेले आहे. घासून गुळगुळीत झालेल्या अशा नाण्याला संग्राहक हातही लावत नाही. मी तसे सांगितले, परंतु त्या गृहस्थाचा विश्वास बसला नाही; "पेपरात आलं हाये" एवढेच तो म्हणत राहिला. छापलेल्या शब्दाला खेड्यात अजून वजन आहे, आणि म्हणूनच हे पत्र लिहिण्याची वेळ माझ्यावर आली आहे.

या लखपती होण्याच्या गोष्टीचा पुढचा भाग आपल्या चौकटीत नव्हता, तो मी पाहिलेला आहे. शेजारच्या गावातील एका कापूस उत्पादकाने दोन वर्षांपूर्वी अशाच एका जाहिरातीतील क्रमांकावर आपल्या नाण्याचे छायाचित्र पाठवले. पलीकडच्या माणसाने नाणे न पाहता, न तोलता साडेतीन लाखांची किंमत जाहीर केली, रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह असलेले एक पत्रही मोबाइलवर धाडले आणि नोंदणीसाठी ७५० रुपये मागितले. त्यानंतर कर, विमा आणि रक्कम घेऊन येणाऱ्या गाडीचे भाडे अशा नावांनी आणखी ११ हजार रुपये गेले, आणि मग तो क्रमांक लागेनासा झाला. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्धिपत्रक काढून स्पष्ट केले आहे, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काहीही संबंध नाही आणि अशा व्यवहारासाठी ती कोणतेही शुल्क वा दलाली मागत नाही. विकत घेणारा विकणाऱ्याकडूनच पैसे मागतो, हा व्यवहार बैलबाजारात कोणी केला तर आपण त्याला वेड्यात काढू; मोबाइलवर मात्र तो खपून जातो.

माझे म्हणणे एवढेच आहे, की नाण्याची किंमत हा शेवटचा प्रश्न आहे. हे काय आहे, कोठले आहे, केव्हाचे आहे, खरे आहे का आणि कोणत्या अवस्थेत आहे, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतरच तो विचारता येतो. आपल्याकडे लोक शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतात, आणि त्यामुळे कवडीमोलाच्या वस्तूपायी पैसे गमावणारा आणि खरोखर मोलाची वस्तू भंगारात घालणारा, असे दोघेही एकाच घरात सापडतात.

हे दुसरे उदाहरण मी अगदी अलीकडे पाहिले. पैनगंगेच्या काठच्या एका गावातून एक आजी आपल्या नातवाला घेऊन आल्या. त्यांचे सासरे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. त्यांच्या लोखंडी ट्रंकेतून निघालेली दहा रुपयांची एक नोट नातवाने वहीच्या पानांत जपून आणली होती. नोटेवर इंग्रजीत 'जपानी सरकार' असे छापलेले, किंमत मात्र रुपयांत, क्रमांक कोठेच नाही आणि त्याच्या जागी दोन-तीन इंग्रजी अक्षरे, त्यातले पहिले 'बी'. जपानने व्यापलेल्या मुलखांसाठी जे चलन छापले त्यात हे पहिले अक्षर प्रदेश सांगते: 'बी' म्हणजे ब्रह्मदेश, 'एम' म्हणजे मलाया, 'पी' म्हणजे फिलिपिन्स, 'एस' म्हणजे डच ईस्ट इंडीज आणि 'ओ' म्हणजे ओशनियातील बेटे. ब्रह्मदेशात रुपया चालत असल्यामुळे तेथील नोटा रुपयांत, मलायाच्या डॉलरमध्ये. १९४२ पासून या नोटा इतक्या छापल्या गेल्या आणि युद्ध संपताच इतक्या निरुपयोगी झाल्या, की सैनिकांनी त्या आठवण म्हणून खिशात घालून घरी आणल्या. आज जगभर त्या ढिगाने उपलब्ध आहेत. नोट खरी होती, ऐंशी वर्षांची होती, जपानी होती, आणि तरीही तिला चांगल्या अवस्थेत शे-दोनशे रुपयांपलीकडे कोणी देणार नाही, हे मी सांगितले तेव्हा नातवाचा चेहरा पडला.

मग मी विचारले, ट्रंकेत आणखी काय होते? तेव्हा त्याने पिशवीच्या तळातून, भंगारवाल्याला पितळेच्या भावात देण्यासाठी वेगळे काढलेले तीन तुकडे ओट्यावर ओतले. एक पिवळसर धातूचा सहा टोकांचा तारा, त्याच्या मध्यभागी मुकुट व राजाची आद्याक्षरे आणि भोवती 'द बर्मा स्टार' ही अक्षरे. दुसरे पांढऱ्या धातूचे गोल पदक, त्याच्या मागच्या बाजूला दोन तोंडांच्या राक्षसी प्राण्यावर उभा असलेला सिंह; हे १९३९-४५ चे युद्धपदक. तिसऱ्याच्या मागच्या बाजूला हिंदुस्थानचा नकाशा. हे इंडिया सर्व्हिस मेडल. धातू म्हणून या तिघांना काहीच किंमत नाही, कारण तारा तांबे-जस्ताचा आणि उरलेली दोन तांबे-निकेलची. परंतु मी भिंग घेऊन ताऱ्याची पाठ आणि गोल पदकांची कड पाहिली, तेव्हा तेथे बारीक ठशांनी सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटणीची संक्षिप्त अक्षरे उमटवलेली होती. ब्रिटनमध्ये वाटलेली दुसऱ्या महायुद्धाची पदके सहसा बिननावाची असतात. हिंदी सैनिकांना दिलेल्या पदकांवर मात्र नाव घातलेले आढळते. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर तर ते सर्वांच्याच असते. पदकाची किंमत या कडेवर असते. ज्या पलटणीने एखादी गाजलेली लढाई केली तिच्या सैनिकाचे पदक आणि मागे राहिलेल्या भांडाराच्या कारकुनाचे पदक हे दिसायला सारखेच असले, तरी संग्राहकाच्या दृष्टीने त्यांच्यात मोठे अंतर असते. शिवाय एकाच माणसाची तिन्ही पदके एकत्र असतील तर त्यांचे मोल वाढते आणि तोडून विकली तर घटते.

दुर्दैवाने नातवाने आणण्यापूर्वी युद्धपदक चिंच आणि राखेने घासून चकचकीत केले होते, आणि कडेवरच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे आता वाचता येत नाहीत. घरातील तांब्या घासावा तसे नाणे किंवा पदक घासू नये, हे माझे सर्वांना हात जोडून सांगणे आहे. शतकभर चढलेली काळसर झळाळी ही संग्राहकाला मळ वाटत नाही, तीच त्याला नाणे अस्सल असल्याचे सांगते. घासलेले नाणे भिंगाखाली बारीक ओरखड्यांनी भरलेले दिसते आणि त्याची किंमत पुष्कळदा निम्म्याहून खाली येते. धूळ असेल तर साध्या पाण्यातून काढून मऊ कापडावर टिपून घ्यावे, पुसू नये, एवढे पुरे.

परदेशी नाणी आपल्या खेड्यांत कोठून येणार, असे शहरातील वाचकाला वाटेल. ती सैनिकांच्या ट्रंकेतून येतात, हाजींच्या कमरपट्ट्यातून येतात, आखाती देशांत कामाला गेलेल्या मुलांच्या खिशातून येतात, आणि आमच्या विदर्भात दीक्षाभूमीवरूनही येतात. नागपूरला धम्मचक्र प्रवर्तन दिनी गेलेल्या एका बाईंना थायलंडहून आलेल्या एका भिक्खूंनी एक नाणे आशीर्वाद म्हणून दिले. बाहेर पांढरा आणि मध्ये पिवळा धातू पाहून गावातल्या एका हुशार माणसाने ते दोन युरोचे म्हणजे जवळपास दोनशे रुपयांचे असल्याचे जाहीर केले. ते दहा बाथचे होते, दिसायला युरोसारखेच, मोलाला त्याच्या काही अंशाइतके. त्यावरील साल थाई आकड्यांत होते आणि ते २५३१ असे निघाले. बुद्धाच्या परिनिर्वाणापासूनची ती गणना. त्यातून ५४३ वजा केले की १९८८ येते.

सालाचे हे कोडे सोडवता आले की परदेशी नाण्याची अर्धी ओळख पटते. नेपाळच्या नाण्यावर विक्रम संवत असतो, त्यातून ५७ वजा करावेत, म्हणजे २०२८ चे नाणे १९७१ चे ठरते. जपानी नाण्यावर सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष असते. शोवा कारकीर्द १९२६ मध्ये सुरू झाली, म्हणून शोवा ३९ म्हणजे १९६४. हिजरी सनाचे गणित थोडे वेगळे आहे, कारण ते चांद्र वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. त्यासाठी हिजरी सालाला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवले की इसवी साल जवळपास बरोबर मिळते. सौदी अरबच्या १०० हलालाच्या नाण्यावर १४०८ असेल तर ते १९८७-८८ चे. येथे मराठी वाचकाची एक गंमत होते. अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि अरबी शून्य हा नुसता ठिपका, त्यामुळे पाच हलालाचे नाणे शून्य किमतीचे म्हणून बाजूला टाकलेले मी पाहिले आहे.

हेच गणित आमच्या भागात घरच्या नाण्यांनाही लागते. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या थेट अंमलाखाली होता आणि पैनगंगेपलीकडचा मुलूख तर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे चारमिनारचे चित्र असलेले निजामाचे 'हाली शिक्क्या'चे रुपये आमच्याकडे जुन्या घरांत हमखास निघतात. सोनार ते राणीछाप रुपयाच्या भावाने घ्यायला नाखूश असतो आणि तेथे सोनाराचे बरोबर आहे. ब्रिटिश अमलातील हा राणीछाप रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. निजामाचा रुपया सुमारे ११.१८ ग्रॅमचा आणि त्यात चांदी ८२ टक्क्यांच्या जवळपास. मात्र हा झाला मोडीचा हिशेब. एखादे दुर्मिळ साल असेल तर संग्राहक चांदीच्या कितीतरी पट देऊ शकतो, म्हणून साल वाचल्याशिवाय मोडीत घालू नये.

खरे-खोटे ओळखण्याबाबत मी स्वतःची फजिती सांगतो. दत्तजयंतीच्या यात्रेत माहूरला एका फिरत्या विक्रेत्याकडे मला अमेरिकेचा 'ट्रेड डॉलर' दिसला. चीनशी व्यापारासाठी अमेरिकेने १८७३ पासून पाडलेले हे चांदीचे मोठे नाणे मला कित्येक वर्षांपासून हवे होते. त्याने दोन हजार सांगितले, मी घासाघीस करून बाराशेला घेतले आणि एसटीत बसून घरी येईपर्यंत दहा वेळा खिशातून काढून पाहिले. दुसऱ्या दिवशी गावातील सोनाराच्या काट्यावर ठेवले तर २१.३५ ग्रॅम भरले. आता या नाण्याची खुबी अशी, की त्याच्यावर त्याचे वजन आणि कस दोन्ही कोरलेले असतात: ४२० ग्रेन, ९०० कस, म्हणजे हजारात नऊशे भाग चांदी. ४२० ग्रेन म्हणजे २७.२२ ग्रॅम. माझ्या हातातील नाणे स्वतःच्या तोंडाने एक वजन सांगत होते आणि काटा दुसरे.

सोनाराने, खात्रीच करून टाकू, असे म्हणून काट्यावर पाण्याचा पेला ठेवला, आकडा शून्यावर आणला आणि नाणे दोऱ्याला बांधून, तळाला वा काठाला न लागू देता, पाण्यात पूर्ण बुडवून धरले. काट्यावर २.४८ आकडा आला. नाण्याचे वजन या आकड्याने भागले की धातूची घनता कळते, २१.३५ भागिले २.४८ म्हणजे सुमारे ८.६. नऊशे कसाच्या चांदीची घनता १०.३ च्या आसपास यायला हवी, ८.६ हे पितळ. वर नुसता पांढरा मुलामा होता. एवढ्यावर थांबले नाही. घरी येऊन भिंगाखाली साल नीट पाहिले तर ते १८७२ निघाले, म्हणजे मूळ नाणे पाडायला सुरुवात होण्याच्या एक वर्ष आधीचे. २८ वर्षे खोट्या नोटा पकडणाऱ्या माणसाने यात्रेच्या उजेडात साल वाचायचेही कष्ट घेतले नाहीत. ते नाणे मी फेकले नाही. ओट्यावर येणाऱ्यांना खरे-खोटे शिकवायला ते खऱ्या डॉलरपेक्षा जास्त उपयोगी पडते.

वजन, पाण्याची चाचणी, व्यास आणि लोहचुंबक या चार गोष्टींसाठी कोणत्याही तालुक्याच्या गावी जाण्याची गरज नाही. प्रत्येक मोठ्या गावातील सोनाराकडे मिलिग्रॅमपर्यंतचा काटा आहे आणि लेथवर काम करणाऱ्याकडे व्यास मोजण्याचे कॅलिपर आहे. त्यानंतर कड पाहावी. ओतून बनवलेल्या नकली नाण्याच्या कडेवर दोन साचे जुळल्याची बारीक रेघ दिसते आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे टिपके. टांकसाळीत ठशाने पाडलेल्या नाण्यावर ते नसतात. काही नकला मात्र एवढ्याने पकडता येत नाहीत. १९३९ सालचा जॉर्ज सहावा यांचा रुपया अतिशय दुर्मिळ आहे आणि म्हणूनच १९३८ च्या खऱ्या रुपयावरचा आठ खरवडून त्याचा नऊ केलेला असतो. वजन बरोबर, चांदी बरोबर, खोटा फक्त एक आकडा. असे नाणे कोणी स्वस्तात देऊ करत असेल तर जाणत्याला दाखवल्याशिवाय घेऊ नये.

श्रीराम, सीता आणि लक्ष्मण यांची चित्रे असलेल्या, मागे ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ साल असलेल्या जाड तांब्याच्या चकत्यांविषयी एकच वाक्य पुरे: कंपनीने अशी नाणी कधीही पाडली नाहीत. त्या तांदूळ खेचतात म्हणून कोटींची बोली लावणाऱ्या 'राइस पुलर' टोळ्यांविषयी पोलिसांना कळवावे, संग्राहकाला विचारू नये.

आता किमतीकडे वळतो. जुने तेवढे महाग, हा आपल्याकडचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचा चांदीचा थालर पाहिला तर त्यावर १७८० साल असते आणि अडीचशे वर्षांपूर्वीचे नाणे सापडले म्हणून माणूस हरखतो. प्रत्यक्षात ते राणीच्या मृत्यूचे साल आहे. अरबस्तान आणि आफ्रिकेच्या व्यापाऱ्यांना तेच नाणे हवे असल्यामुळे त्याच सालाने ते पुढे दीडशेहून अधिक वर्षे निरनिराळ्या टांकसाळींत पाडले जात राहिले, १९४०-४१ मध्ये तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा. म्हणून त्याची किंमत बहुधा त्यातील चांदीच्या आसपासच राहते. उलट झिम्बाब्वेची १०० ट्रिलियन डॉलरची नोट २००८ सालची, म्हणजे कालपरवाची. एकावर चौदा शून्ये असलेल्या या नोटेचे तेथील सरकारने २०१५ मध्ये अमेरिकेचे ४० सेंट दिले, आणि संग्राहक मात्र तिच्यासाठी त्याच्या कित्येक पट मोजतात. तिच्याही नकला आता बाजारात मुबलक आहेत.

आपल्याच देशाची एक नोट येथे सांगण्यासारखी आहे, कारण ती विदर्भातील एखाद्या घरात असू शकते. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हजयात्रेला जाणाऱ्यांसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या वेगळ्या नोटा काढल्या. रचना नेहमीचीच, परंतु रंग वेगळा आणि क्रमांकाआधी 'एचए' ही अक्षरे. त्याच सुमारास कुवेत, बहरीन, कतार या आखाती भागांत चालणारा आपला रुपयाही वेगळ्या रंगात आणि 'झेड' अक्षराने छापला गेला. हाजींनी त्या खर्च केल्या वा परत बदलून घेतल्या, म्हणून आज त्या फार थोड्या उरल्या आहेत आणि शंभराच्या हज नोटेला लाखांत बोली लागते. ७८६ आकड्याच्या साध्या नोटेची जाहिरात वाचून धावणाऱ्या माणसाच्या घरी खरी हज नोट असली, तर रंग उडालेली म्हणून ती तो पोराला खेळायला देईल, अशी मला भीती वाटते.

अवस्थेमुळे पडणारा फरक खेड्यातील माणसाला समजावणे सर्वांत कठीण जाते. एकाच सालाचे, एकाच टांकसाळीचे दोन रुपये. एकावर राणीच्या झग्यावरचे वेलबुट्टीचे काम शाबूत, दुसऱ्यावर ते पुसलेले. पहिल्याला दुसऱ्याच्या दहापट किंमत मिळू शकते. नोटेला पडलेली एक आडवी घडी, टाचणीचे एक छिद्र, हे सर्व दर खाली आणते. आमच्या पुसद-उमरखेड भागातील बंजारा स्त्रियांच्या अंगावरील दागिन्यांत आणि कांचळीवर राणीछाप रुपये, आणे, अधेल्या कडी डाखवून जडवलेल्या असतात. डाख लागले की नाणे संग्राहकाच्या दृष्टीने उतरते, म्हणून व्यापारी ते चांदीच्याही खाली मागतो. परंतु तो संपूर्ण दागिना, जसाच्या तसा, वेगळ्याच मोलाचा असतो, आणि कड्या तोडून रुपये सुटे करणारा माणूस दोन्हीकडून नुकसान करून घेतो. पुतळ्यांच्या माळेबाबतही हेच. त्या पुतळ्या व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटची आपल्या कारागिरांनी केलेली नक्कल आहेत आणि त्यांच्यावरची न वाचता येणारी अक्षरे ही लॅटिनची अजाणता केलेली प्रत आहे, हे ठाऊक असते तर कितीतरी माळा आटणीत गेल्या नसत्या.

जगातील नाण्यांना 'केएम' क्रमांक आणि नोटांना 'पिक' क्रमांक देणाऱ्या सूची आहेत, त्यांत किमतीही असतात. त्या किमती वाचून व्यापाऱ्याशी भांडायला जाणाऱ्यांना मी सांगतो, की सूचीतील आकडा हा साधारणपणे संग्राहकाने द्यायचा भाव असतो; व्यापारी घेताना त्याच्या निम्म्याने घेईल, कारण ते नाणे त्याच्याकडे वर्षभर पडून राहू शकते. खरा अंदाज हवा असेल तर त्याच नाण्याला, त्याच अवस्थेत, झालेल्या लिलावांत प्रत्यक्ष काय मिळाले ते पाहावे. मागितलेली किंमत कोणीही कितीही लिहू शकतो.

यात कायद्याचाही एक भाग आहे, आणि तो खेड्यात कोणालाही ठाऊक नाही. विहीर खणताना, घराचा पाया काढताना नाण्यांचे मडके निघाले, की घरातले आधी दार लावून घेतात आणि रात्रीतून ते सोनाराकडे जाते. १८७८ च्या निखातनिधी कायद्यानुसार जमिनीत दडवलेले, दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. परंतु त्याच कायद्यात शोधणाऱ्याचा हक्कही मान्य केलेला आहे, आणि सरकारने ते धन स्वतःकडे ठेवले तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देण्याची तरतूद आहे. भीती कानावर गेली आहे, हक्क गेलेला नाही. १९३९ मध्ये मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. ती नाणी सोन्याचीही नव्हती आणि चांदीचीही, तांबे-कथील-शिशाच्या हलक्या मिश्रणाची होती. आटणीत त्यांना काही किंमत आली नसती, पण पुराणांच्या यादीत नसलेल्या सातवाहन राजांची नावे त्यांच्यावरून इतिहासाला कळली. ती सोन्याची असती तर कदाचित आपल्यापर्यंत पोहोचलीच नसती, असे माझ्या मनात येते. शंभर वर्षांवरील नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार देशाबाहेर पाठवता येत नाहीत, हेही परदेशी ग्राहकाची स्वप्ने पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. नागपूरच्या अजबबंगल्याला, म्हणजे १८६३ पासूनच्या मध्यवर्ती संग्रहालयाला, नाण्यांची परंपरा आहे. तेथील जाणकार वर्षातून एक दिवस जरी यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीसारख्या ठिकाणी आले आणि लोकांनी आणलेली नाणी, नोटा व पदके पाहून तोंडी ओळख सांगितली, किंमत न सांगता, तरी पुष्कळ काही भंगारातून वाचेल. उमरखेडहून नागपूरला जाऊन येण्यात एसटीचा अख्खा दिवस जातो आणि एका अनोळखी नाण्यासाठी तो कोणी घालवत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी माजी सैनिकांच्या कुटुंबांना पदकाची कड वाचायला आणि ती न घासायला सांगावे. तहसील कचेरीच्या फलकावर निखातनिधी कायद्याची माहिती, शोधणाऱ्याच्या हक्कासह, सोप्या मराठीत लावावी.

आणि आपल्याला विनंती अशी, की लखपती करणाऱ्या नोटांचा मजकूर छापण्यापूर्वी तो पाठवणाऱ्याला झालेल्या एखाद्या खऱ्या व्यवहाराचा पुरावा मागावा, व त्याच चौकटीत दर रविवारी एक नाणे, एक नोट किंवा एक पदक घेऊन त्याची ओळख द्यावी. पहिल्या चौकटीसाठी ब्रह्मदेशच्या त्या दहा रुपयांच्या नोटेचे आणि बर्मा स्टारच्या पाठीवरच्या नावाचे छायाचित्र सोबत पाठवत आहे. आजींची त्याला संमती आहे. नोट आणि पदके मात्र त्यांनी पुन्हा ट्रंकेत ठेवली आहेत, आणि नातवाने आजींच्या सासऱ्यांच्या पलटणीचे नाव एका कागदावर लिहून तो कागदही त्यांच्यासोबत ठेवला आहे.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त रोखपाल,
ता. उमरखेड, जि. यवतमाळ